ठसा कुणाचा? बगरूची छपाई आणि ऑनलाइन जगातली तिची ओळख

बगरूच्या छीपा मोहल्ल्यात, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या वस्तीत, छपाईचे काम आधी कानावर पडते, मग दिसते. लाकडी ठसा रंगाच्या गादीवर टेकवायचा, उचलून कापडावर नेमक्या जागी ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर मुठीने ठोका द्यायचा. एका साडीवर असे शेकडो ठोके पडतात. एक रंग पुरा झाला की दुसऱ्या रंगाचा ठसा घेऊन त्याच रेघांवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेजारी, रंग उडणार नाही अशा बेताने, मोबाइल ठेवलेला असतो. त्यावर गिऱ्हाईक येते, पैसे येतात, शाबासकी येते. आणि फसवणूकही त्यावरूनच येते.

बगरू हे जयपूरपासून अजमेरच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवरचे छोटे शहर. इथल्या हातछपाईला भौगोलिक मानांकन आहे. पुण्या-नाशिकच्या घरांत हे कापड पूर्वी हस्तकला प्रदर्शनांतून आणि ओळखीच्या दुकानांतून यायचे, आता पडद्यावर बोट टेकवून मागवता येते. या बदलामुळे तीन विषय छिपांच्या ओट्यावर येऊन बसले आहेत: ऑनलाइन सुरक्षितता, डिजिटल मार्केटिंग आणि आभासी जग. एरवी हे तिन्ही विषय शहरातल्या काचेच्या इमारतींतले समजले जातात. त्यांत करिअर करणारी मुले बंगळुरू, पुणे, गुरुग्राम गाठतात. पण एखाद्या कारागीर गावात या तिन्ही ज्ञानांची गरज किती निकडीची आहे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. या आढाव्याचा विषय तोच आहे. माझे म्हणणे एका वाक्यात असे: हे तीन प्रश्न दिसायला वेगळे असले तरी मुळात एकच आहेत. ठसा कुणाचा, हे सिद्ध करण्याची ताकद कुणाच्या हातात राहणार, असा तो प्रश्न आहे.

जपायचे आहे ते काय

आधी कापडच नीट पाहू, कारण त्याच्याशिवाय पुढचे सगळे पोकळ ठरेल.

कोरे सुती कापड धुऊन, खळ काढून हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. त्याला फिकट पिवळसर झाक येते. काळ्या रंगासाठी जुने लोखंड, घोड्याचे नाल वगैरे, गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवत ठेवतात. लोखंडाचे ते पाणी हिरड्यातल्या तुरट अंशाला भेटले की काळी रेघ उमटते. लाल रंगासाठी तुरटी वापरतात. तिला चिंचोक्याच्या खळीने दाटपणा येतो आणि कुठे छापले ते दिसावे म्हणून थोडा गेरू घालतात. मग सगळे कापड मोठ्या तांब्याच्या भांड्यात उकळते. पूर्वी त्यात आल किंवा मंजिष्ठेची मुळे असत, आता बहुधा अलिझारिन असते, जोडीला धायटीची फुले. तुरटी लागलेला भाग तेवढा लाल होतो. म्हणजे छापणारा जे उमटवतो ते त्या क्षणी पुरते दिसत नाही. उकळीनंतर काय होणार याचा त्याला अंदाज असावा लागतो.

बगरूची दुसरी ओळख म्हणजे दाबू. काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचे पीठ यांचा लगदा करून तो ठशाने कापडावर छापायचा, वरून लाकडाचा भुसा भुरभुरायचा, उन्हात वाळवायचा आणि कापड निळीच्या हौदात सोडायचे. चिखलाने झाकलेल्या भागापर्यंत नीळ पोचत नाही. शेवटी कापड धुतले की माती निघून जाते आणि निळ्यावर पांढरी नक्षी राहते.

एका नक्षीसाठी एकच ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा ठसा म्हणजे रेख, जमिनीचा रंग भरणारा गद, आणि आतल्या फुला-पानात रंग भरणारा दत्ता. ठसे कोरणारे कारागीर वेगळे आणि छापणारे वेगळे. सागवान किंवा शिसवाच्या ठशाच्या कडेला बारीक टोके ठेवलेली असतात. पुढचा ठसा कुठे बसवायचा ते त्यांवरून कळते.

मराठी माणसाला या कामाशी जोडणारा एक जुना धागा आहे. उत्तर भारतातले हिंदू छीपा संत नामदेवांना आपले मानतात, कित्येक कुटुंबे ‘नामदेव’ हेच आडनाव लावतात. आपल्याकडे नामदेव शिंपी, उत्तरेत ते छीपा. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि पंजाबातल्या ज्या घुमानशी त्यांचे नाव जोडलेले आहे तिथे २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. पंढरपुरातून निघालेल्या एका नावाने कापड शिवणारे आणि कापड छापणारे यांना एका कुळात आणले. म्हणून बगरूचा प्रश्न मला परक्या गावाचा वाटत नाही.

बाजार हातात आला, तेव्हा

गेल्या १०–१५ वर्षांत बाजाराची मांडणीच बदलली. ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतात विक्रीचे संकेतस्थळ उघडले. २०१६ मध्ये यूपीआय आले. त्याच वर्षी ॲमेझॉनने कारागिरांसाठी ‘कारीगर’ हे दालन सुरू केले, फ्लिपकार्टचा ‘समर्थ’ २०१९ मध्ये आला. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ मध्ये मिळू लागले आणि कॅटलॉग, भाव, ऑर्डर, पत्ता, सगळे एकाच खिडकीत आले. २०२० च्या टाळेबंदीत प्रदर्शने बंद पडली. तेव्हा मात्र ज्यांनी मोबाइलला हात लावला नव्हता त्यांनाही तो लावावा लागला.

यात कमाई झाली ती तीन बाबतींत. पहिली, मधली साखळी आखूड झाली. ठोक व्यापारी, निर्यातदार, शहरातले दुकान असे टप्पे ओलांडून छापणारा थेट नेसणाऱ्याशी बोलू लागला. दुसरी, प्रक्रिया दिसू लागली. दाबू छापलेले कापड निळीच्या हौदातून बाहेर येते तेव्हा आधी हिरवट दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त पटवून देतो, कारण त्यात काम दिसते. तिसरी, घरातल्या बायका आणि शिकलेल्या मुलींना धंद्यात स्वतःची जागा मिळू शकली. फोटो काढणे, मापे लिहिणे, गिऱ्हाइकाला उत्तर देणे ही कामे घरबसल्या होतात.

तोटेही तितकेच खरे आहेत. मोठ्या संकेतस्थळांवर कमिशन, जाहिरातीचा खर्च आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड मिळून कारागिराच्या हाती उरते ते फार थोडे. नैसर्गिक रंगाची दोन कापडे तंतोतंत एकसारखी निघत नाहीत. पाणी, ऊन, उकळीचा वेळ, सगळ्याचा फरक पडतो. पण ‘फोटोतल्यापेक्षा रंग वेगळा’ म्हणून माल परत येतो आणि हातकामाची खूणच दोष ठरते. यावर उपाय मार्केटिंगमध्येच आहे. रंगात थोडा फरक असेल, पहिल्या धुण्यात नीळ सुटेल, वेगळे धुवा, सावलीत वाळवा, हे विक्रीआधी साध्या भाषेत सांगितले तर पुढच्या बऱ्याच तक्रारी टळतात. खरे सांगणे हेच इथे टिकाऊ मार्केटिंग आहे. चांगला छीपा आणि चांगला मार्केटिंगवाला इथे एकाच शाळेतले निघतात.

दुसरा धोका जास्त खोल आहे. इन्स्टाग्रामवर हजारो माणसांनी आपल्याला जोडून घेतले म्हणजे गिऱ्हाईक आपले झाले, असे वाटते. प्रत्यक्षात ती यादी कंपनीची असते. तिचे नियम बदलले, खाते बंद पडले किंवा चोरीला गेले, तर वर्षानुवर्षांची ओळख एका रात्रीत जाते. म्हणून गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन, त्यांच्या परवानगीने, स्वतःच्या वहीत असणे गरजेचे आहे. पूर्वीच्या दुकानदाराची लाल कापडाची चोपडी तेच काम करत होती.

नक्कल आणि कायदा

ऑनलाइन बाजारात शोधपेटीत ‘बगरू’ लिहिले की जे समोर येते ते सगळे बगरूचे नसते. स्क्रीन प्रिंट असते, यंत्रावरचे डिजिटल प्रिंट असते, आणि वर्णनात ‘हँड ब्लॉक’ हे शब्द मोकळ्या हाताने पेरलेले असतात. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. कापड हातात घेऊन दोन ठशांचा सांधा शोधा. हातकामात तो कुठेतरी केसभर सरकलेला सापडतोच. दोन रंगांची कड कुठे एकमेकींवर चढलेली, कुठे किंचित सुटलेली असते. कापड उलटे करा. रंग मागे झिरपलेला दिसतो, बऱ्याच डिजिटल प्रिंटची मागची बाजू मात्र जवळजवळ कोरी असते. अडचण ही की या साऱ्या खुणा हाताला आणि डोळ्याला कळतात, पडद्यावर त्या पुसल्या जातात. फोटोत नक्कल अस्सलपेक्षा नीटनेटकी दिसते.

कायदा कुठे उभा आहे? भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. त्यात नाव एका गावाचे, समूहाचे असते. कुणा एकाचे नसते. खोटे मानांकन वापरणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. पण मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक कारागीर आपोआप त्याचा अधिकृत वापरकर्ता होत नाही. त्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. २०२० च्या नियमदुरुस्तीने त्या अर्जाचे शुल्क १० रुपयांवर आणले. अडचण पैशाची उरलेली नाही, माहितीची आणि कागदपत्रांची आहे.

नव्या नक्षीचे काय? डिझाइन कायदा २००० सालचा. नोंदणीसाठी डिझाइन नवे असावे लागते, म्हणून आजोबांच्या ठशाला त्याचा आधार मिळत नाही. नव्या नक्षीला मिळू शकतो, आधी १० वर्षे आणि नंतर आणखी ५. मात्र नोंदणी केली नाही आणि ती नक्षी औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वस्तूंवर उमटली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार कॉपीराइटही संपतो. सहा महिने डोके लावून केलेली नक्षी इन्स्टाग्रामवर टाकली आणि महिनाभरात तिचे स्क्रीन प्रिंट बाजारात आले, तर हातात काही उरत नाही, ते यामुळे. फोटो टाकण्याआधी नोंदणीचा विचार करायचा, हा धडा मार्केटिंगच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवला पाहिजे.

ग्राहकाच्या बाजूनेही साधने आहेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवावा लागतो, आणि विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून खोटे अभिप्राय लिहायला बंदी आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १९००० हे मानक आणले. पैसे घेऊन वस्तूची शिफारस करणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी ते उघड सांगावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे २०२३ च्या जानेवारीत आली. हातकामाची खात्री देणारे ‘क्राफ्टमार्क’ हे चिन्ह एआयएसीए ही संस्था २००६ पासून देते.

या सगळ्याचे बळ किती, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या एकूण ८ जिल्ह्यांसाठी मानांकन आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. समाजमाध्यमांवर लोक पेटून उठले आणि काही दिवसांत कंपनीला भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य करावे लागले. मानांकनाचा कागद आधीपासून होता. त्याला आवाज मिळाला तो लोकांनी फोटो शेजारी-शेजारी लावून जगाला दाखवले तेव्हा. ज्या माध्यमातून नक्कल पसरते त्याच माध्यमातून पुरावाही पसरतो, आणि गाव संघटित असेल तर दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वेगाने घडू शकते.

खात्याची राखण

आता सुरक्षिततेकडे येऊ. कारागिराला लुटायला कुणी संगणकाचा जादूगार लागत नाही. एक फोन पुरतो.

असा फोन कसा येतो ते पाहण्यासारखे आहे. पलीकडचा माणूस स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो. युनिटसाठी ६० चादरी हव्यात, भावात घासाघीस नाही, घाई मात्र आहे. विश्वास बसावा म्हणून गणवेशातला फोटो आणि ओळखपत्राची प्रत येते. मग म्हणतो, ‘आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे. क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करा, तुमच्या खात्यात रक्कम येईल. आधी एक रुपयाने करून बघा.’ तो रुपया खरेच येतो. पुढचा कोड स्कॅन करताना पडद्यावर पिन मागितला जातो, आणि घाईत तो टाकला की खात्यातले पैसे बाहेर जातात. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. हे एक वाक्य प्रत्येक ओट्यावर, रंगाच्या पाटीशेजारी, लिहून ठेवण्यासारखे आहे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशाची मागणी पाठवण्याची सोय बंद करण्यात आली, आणि फसवणुकीची एक वाट अरुंद झाली. पण क्यूआर कोडची वाट उघडीच आहे. आणखी दोन वाटा रोजच्या आहेत. लग्नपत्रिका किंवा कुरिअरची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, जी उघडली की फोनमधले संदेश वाचू लागते. आणि ‘तुमच्या खात्याने कॉपीराइट मोडला, २४ तासांत खात्री करा’ असा इन्स्टाग्रामच्या नावाने येणारा खोटा संदेश, जो पासवर्ड काढून घेतो. चोराच्या हाती गेलेले खाते मग त्याच कारागिराच्या नावाने गिऱ्हाइकांना लुटते. पैसे गिऱ्हाइकाचे जातात, नाव छिपाचे जाते.

फसवणूक झालीच तर पहिले काही तास मोलाचे. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असताना ते गोठवणे शक्य असते, नंतर अवघड होते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून त्रयस्थ ठिकाणी झालेली असेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण पिन स्वतःच्या बोटाने टाकलेला असला तर, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान सोसावे लागते. म्हणून खरी राखण आधीची. दुहेरी पडताळणी चालू ठेवणे, खाते परत मिळवायचे कोड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवणे, दुकानाचे खाते आणि घरबचतीचे खाते वेगळे ठेवणे, नक्षीचे मूळ फोटो तारखेसह जपणे. यात महाग असे काहीच नाही.

हे ज्ञान पदवीवाचून येत नाही, असा समज कुणाचा असेल तर त्याने पुण्याकडे पाहावे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, मग संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस दिसू लागले तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले. १९९५ मध्ये त्यांचे क्विक हील हे अँटिव्हायरस बाजारात आले, २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. बिघडलेली वस्तू हातात घेऊन, ती का बिघडली हे शोधत गेलेली ही वाट आहे. कारागिराच्या पोराला ती अनोळखी वाटू नये. निळीचा हौद ‘आजारी’ पडला की तो वासावरून ओळखणारे आणि दुरुस्त करणारे घर त्याचे आहे.

आभासी जगातले कापड

तिसरा विषय सगळ्यात दूरचा वाटतो. लिंडन लॅबने २००३ मध्ये ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग उघडले. तिथे माणसे स्वतःची प्रतिमा घडवत, तिला कपडे घेत, जमिनी विकत. २००६ मध्ये अँशे चुंग या नावाने तिथे जमिनीचा व्यवहार करणारी बाई त्या जगातून दशलक्ष डॉलरची धनीण झाली म्हणून जगभर गाजली. २०१९ मध्ये ‘इरिडेसन्स’ हा फक्त संगणकात असलेला पोशाख ९,५०० डॉलरला विकला गेला. २०२१ मध्ये रोब्लॉक्स या खेळात गुच्चीची एक आभासी पिशवी ४,००० डॉलरहून अधिक किमतीला गेली, खऱ्या पिशवीपेक्षा महाग. त्याच वर्षी फेसबुकने कंपनीचे नाव मेटा केले, मार्च २०२२ मध्ये डिसेंट्रालँड या आभासी जगात फॅशन सप्ताह झाला. मग उत्साह ओसरला. अशा डिजिटल वस्तूंच्या मालकीपत्रांचे भाव कोसळले.

यातून बगरूने काय घ्यावे? आभासी कापड विकून आज मोहल्ल्याचे पोट भरेल, असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पण विषय सोडूनही देऊ नये. खेळ आणि ॲनिमेशन यांना कापड लागतेच, आणि ते कुठून तरी उचलले जाते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ जगापुढे आणला. त्यातल्या वास्तूंवर राजस्थानच्या किल्ल्या-वाड्यांचा ठसा आहे. महाराष्ट्रातल्या मुलांनी राजस्थानच्या वारशावर उभारलेले आभासी जग दुनियेने खेळून पाहिले. उद्या अशाच एखाद्या खेळातल्या पात्राच्या अंगावर दाबूची ओढणी असेल, तर ती कुणाच्या ठशावरून घेतली आणि त्या घराला काय मिळाले, हे विचारायला हवे.

तंत्राच्या दृष्टीने तर छीपा या कामाच्या फार जवळ आहे. संगणकातल्या भिंतीला, जमिनीला, कपड्याला जो पोत चढवतात तो एका चौकोनी तुकड्याची पुनरावृत्ती असतो. त्याची डावी कड उजवीला आणि वरची कड खालच्या कडेला बेमालूम जुळावी लागते, नाहीतर सांधे दिसतात. ठसा कोरणारा पिढ्यानपिढ्या हेच करत आला आहे. ठशाच्या कडेची ती बारीक टोके म्हणजे जुळणीच्या खुणाच. रेख, गद आणि दत्ता हे तीन थर वेगळे ठेवायचे, ही शिस्तही संगणकावर चित्र रचणाऱ्याला शिकवावी लागते. छिपाच्या घरात ती आधीच आहे.

कायद्याची बाजू मात्र इथे कच्ची आहे. मानांकनाचा कायदा ‘माल’ या शब्दावर उभा आहे: शेतीचा, निसर्गातला, कारखान्यातला, हस्तकलेचा. पडद्यावरची ओढणी माल आहे का? अमेरिकेत एर्मेस या फॅशन कंपनीने आपल्या बर्किन पिशवीची आभासी रूपे विकणाऱ्याविरुद्ध दावा लावला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्युरीने १,३३,००० डॉलरची भरपाई दिली. पण एर्मेसपाशी स्वतःचा ट्रेडमार्क आणि वकिलांची फौज होती. गावाच्या सामूहिक नावासाठी असा लढा कोण देणार? त्यातच आता शब्द लिहिले की चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. ती जुन्या फोटोंवरच शिकतात आणि कुणाच्या ओट्यावरचा फोटो होता ते सांगत नाहीत. म्हणून सगळा नक्षीसंग्रह उच्च दर्जाच्या फायलींत उघडा टाकणे धोक्याचे. ओळखीपुरता दाखवावा, मूळ ठसा घरात राहावा.

गावाला हवा एक मुनीम

तिन्ही विषय एकत्र ठेवले की एक नवा पेशा डोळ्यांपुढे येतो. पूर्वी पेढीला मुनीम असे. हिशेब, पत्रव्यवहार, उधारी, माणसांची पारख, सगळे तो सांभाळी. मालक झोपला तरी मुनीम जागा असे. आज बगरूसारख्या गावाला, आणि आपल्या पैठण, येवला, कोल्हापूर, सावंतवाडीलाही, डिजिटल मुनीम हवा आहे. खात्यांची राखण, खरी जाहिरात, आणि नक्षीच्या संग्रहाची व हक्कांची देखभाल ही तिन्ही कामे त्याला यावीत. तिन्हींत तो पारंगत असायला नको, पण एकाचे दुसऱ्याशी नाते त्याला कळले पाहिजे. फोटो टाकताना त्याला कायदा आठवावा, ऑर्डर घेताना फसवणूक ओळखता यावी, आणि संग्रह जपताना उद्याचा खेळ डोळ्यांपुढे असावा.

शिकायची ठिकाणे जवळच आहेत. जयपुरात १९९५ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइन आहे, आमेरला हातछपाईचे अनोखी संग्रहालय आहे, खुद्द बगरूत टिटनवाला संग्रहालय आहे. उणीव आहे ती अभ्यासक्रमांच्या भिंती पाडण्याची. रंगशास्त्र शिकणाऱ्याला खात्याची सुरक्षितता शिकवत नाहीत, मार्केटिंगवाल्याला मानांकन माहीत नसते, संगणकावर पोत काढणारा हिरड्याचे नाव ऐकत नाही. कारागीर घरातल्या मुलीला हे तिन्ही शिकवले तर तिला गाव सोडावे लागणार नाही आणि ठशाची खरी मालकी घरात राहील. पाच-दहा घरांनी मिळून एक मुनीम ठेवला तर खर्चही झेपण्यासारखा आहे.

एक अट मात्र सोडू नये. पासवर्ड कुटुंबाकडे राहिला पाहिजे. बाहेरच्या एजन्सीने खाते ‘आम्ही सांभाळतो’ म्हणत स्वतःच्या फोन क्रमांकावर उघडले, की कारागीर पुन्हा त्याच जुन्या व्यापाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो, दार तेवढे नवे असते.

आपण घेणारे आहोत, तर आपल्याकडेही काम आहे. घेण्याआधी विचारावे, हे कुणी छापले, कुठे छापले. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर थांबावे. कापड घरी आले की उलटे करून पाहावे आणि सांधा शोधावा. तो सापडला तर त्याचा फोटो काढून, छापणाऱ्याच्या परवानगीने, त्याच्या नावासकट चार जणांना दाखवावा.

बगरूत दाबूचे कापड शेवटच्या धुण्याला टाकतात तेव्हा हौदातले पाणी आधी गढूळ होते. वाळलेली माती सुटते, भुसा वर तरंगतो, काही वेळ कापडावर काय आहे तेच कळत नाही. धुणारा घाई करत नाही. कापड आपटत, पिळत, पुन्हा पाण्यात सोडत राहतो. मग हळूहळू पांढरी फुले निळ्यातून वर येतात, छपाईच्या दिवशी जिथे जिथे चिखल नीट बसवला होता तिथे तिथे. ज्या जागी लगदा पातळ पडला होता, तिथे नीळ आत शिरलेली असते आणि ती आता धुऊन निघत नाही.